नवशिक्याचें पहिलें गाणें

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता सारोळ्यापाशीं नीरा नदी ओलांडतो आणि सातारा जिल्ह्यांत शिरतो. शिरतांच जें पहिलें मोठें गांव लागतें तें शिरवळ. नदीकांठीं सुभानमंगळ किल्ल्याच्या खुणा, जवळच्या डोंगरांत जुनीं बौद्ध लेणीं, आणि आतां सभोंवतीं कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, असें तें संमिश्र गांव आहे. तेथें आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें घर आहे. दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां त्यांच्या चौदा वर्षांच्या कन्येनें नवी कोरी गिटार आमच्यापुढें आणून ठेविली, आणि तिच्याबरोबर एक वहीहि ठेविली. वहींत वीस गाण्यांची यादी होती. कांहीं हिंदी बोलपटांतील, कांहीं इंग्रजी, दोन मराठी. “काका, यांतलें आधीं कोणतें शिकूं?” असा तिचा प्रश्न होता.

प्रश्न साधा; पण त्याचें उत्तर आम्हीं चुकीचें दिलें. आपल्या शास्त्रशुद्ध संगीतशिक्षणाच्या अभिमानाच्या भरांत आम्हीं तिला सांगितलें कीं, ही यादी तूर्त मिटून ठेव. सहा महिने सुरांचे पलटे घोटून घे, म्हणजे गाणीं आपोआप येतील. मुलगी आज्ञाधारक होती. पुढें चैत्रांत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां गिटार खुंटीवर टांगलेली होती आणि तिच्या पोटाच्या भोंकाशीं कुंभारीण माशीनें मातीचें घर बांधावयास आरंभ केला होता.

त्या खुंटीवरच्या गिटारीनें आम्हांस पुष्कळ दिवस अस्वस्थ केलें. ज्या प्रश्नाचें उत्तर देऊन आम्ही इतक्या सहज मोकळे झालों, तो महाराष्ट्रांत पूर्वीं कोणाकोणास पडला होता आणि त्यांनीं तो कसा सोडविला, हें पाहावें असें मनांत आलें. पाहूं लागलों तों असें आढळलें कीं, गेल्या दीडशें वर्षांत आपल्याकडे संगीताविषयीं जे मोठे वाद झाले त्यांपैकीं बरेचसे याच लहानशा प्रश्नाभोंवतीं फिरले आहेत.

पहिली गोष्ट ही कीं, हा प्रश्न आपल्याकडे तसा फार जुना नाहीं. गुरुगृहीं राहून विद्या घेणाऱ्या शिष्यास तो पडतच नसे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं घेऊन महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस शिष्य तयार करीत होते, त्या काळीं शिष्यानें पाणी भरावें, तंबोरा लावावा, आणि बुवांच्या मुखांतून जें बाहेर पडेल तें कानानें टिपावें, असाच परिपाठ होता. लिहून घेणें बहुधा निषिद्ध. कोणती चीज आधीं आणि कोणती मागून हें गुरूनें ठरवावयाचें. आणि तेंहि शिष्याचा गळा, त्याची सेवा आणि स्वतःची लहर पाहून. अशा ठिकाणीं ‘मी काय शिकूं?’ असें विचारणारा शिष्य उद्धटच ठरावयाचा. ज्याला दहा-बारा वर्षें द्यावयाचीं आहेत त्याला पहिल्या गाण्याची एवढी मातब्बरीहि नसते. पहिलें गाणें कोणतें हा प्रश्न ज्याच्याजवळ दिवसाचा एकच तास आहे, त्याचा आहे. म्हणजे तो गृहस्थाचा प्रश्न आहे, आणि गृहिणीचाहि.

दक्षिणेंत मात्र तो फार आधीं सुटलेला होता, हें येथें सांगितलें पाहिजे. कर्नाटक संगीतांत आजहि मूल शिकावयास बसलें कीं मायामालवगौळ रागांतील ठराविक स्वरावळी, त्यांमागून अलंकार, आणि मग गणेशस्तुतीचीं लहान लहान गीतें, असा क्रम चालतो, आणि तो पुरंदरदासांनीं सोळाव्या शतकांत घालून दिला अशी तिकडची परंपरा सांगते. शिरवळच्या गच्चीवर उभें राहून उत्तरेकडे पाहिलें तर ज्या दिशेस पुरंदरचा किल्ला येतो, तेंच या दासांचें मूळ गांव अशी जुनी समजूत होती. अलीकडील संशोधकांचा कल शिवमोग्याकडील आरग या गांवाकडे आहे. किल्ला कोणाच्याहि वांट्यास जावो. क्रम मात्र शहाणपणाचा होता, आणि त्याचें मर्म असें कीं स्वरावळीमागून लागलीच गीत येतें. आम्हीं शिरवळच्या मुलीस स्वरावळी दिली आणि गीत सहा महिने लांब ठेविलें. पुरंदरदासांनीं ही चूक केली नव्हती.

उत्तर हिंदुस्थानी पद्धतीच्या गायनांत हा प्रश्न अंगावर घेतला तो विष्णु दिगंबर पलुसकरांनीं. त्यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें डोळे अधू झाले आणि औषधोपचारासाठीं त्यांना मिरजेस आणण्यांत आलें. तेथेंच ते बाळकृष्णबुवांच्या हातीं पडले. मिरजेच्या एका समारंभाचें निमंत्रण त्यांस आलें, पण त्यांच्या गुरूस आलें नाहीं; कारण विचारतां गवयांस कसलें निमंत्रण, अशा अर्थाचें उत्तर मिळालें, ही कथा त्यांच्या चरित्रकारांनीं आवर्जून दिली आहे. १८९६ सालीं ते मिरजेंतून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय उघडलें. १९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली.

या कथेचा आणि आमच्या प्रश्नाचा संबंध असा. गवई हा निमंत्रणास पात्र नाहीं, कारण गाणें हें प्रतिष्ठित घरांत शिकण्याची वस्तु नाहीं, असा समाजाचा ग्रह होता. तो मोडावयाचा तर प्रतिष्ठित घरांतील मुलामुलींच्या तोंडीं प्रथम काय घालावें हें ठरविणें प्राप्त होतें. ख्यालांतील पुष्कळशा चिजांचे शब्द शृंगारिक. सासू-नणंदेच्या पहाऱ्यांतून रात्रीं निसटणाऱ्या नायिकेचे. बापापुढें बसून मुलीनें असली चीज म्हणावी तरी कशी? पलुसकरांनीं चाली ठेविल्या आणि शब्द बदलले; शृंगाराच्या जागीं भक्ति आणिली; तुलसीदास, सूरदास, मीरा यांचीं पदें रागांत बसविलीं. स्वतःची स्वरलेखनपद्धति तयार केली, लहान लहान क्रमिक पुस्तकें छापलीं, आणि एका खोलींत पंचवीस-तीस विद्यार्थी एकदम बसवून शिकविलें. गुरूच्या घरीं एकाच्या कानांत पडणारी चीज अशा रीतीनें फळ्यावर आली. या उद्योगापायीं त्यांस कर्ज झालें आणि मुंबईची इमारत गमवावी लागली. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचा अंत झाला. त्याच सालीं शिष्यांनीं स्थापिलेल्या मंडळाच्या परीक्षा पुढें गांवोगांव पोंचल्या, आणि त्यांतली पहिली पायरी ‘प्रारंभिक’ ही अनेक मराठी कुटुंबांत मुलीच्या शिक्षणाचा एक नेहमींचा टप्पा होऊन बसली.

शब्द बदलण्याच्या या उद्योगाविषयीं पुढील काळांत नाकें मुरडण्यांत आलीं. चिजेचा मूळ जीव गेला, तानेला अनुकूल असलेलीं अक्षरें गेलीं, भजनाचा एकच रंग सगळ्यांवर चढला, असे आक्षेप आहेत आणि ते सर्वस्वीं खोटे नाहींत. परंतु आक्षेप घेणारांनीं हेंहि पाहावें कीं, हे शब्द न बदलते तर त्या घरांत तंबोराच येता ना. शिरवळपासून थोड्याच अंतरावर नायगांव आहे. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म तेथला, १८३१ सालचा. मुलींच्या हातीं पाटी देणें हेंच ज्या समाजांत पूर्वीं धाडस ठरलें, त्याच समाजांत दोन पिढ्यांनंतर मुलींच्या मुखीं राग द्यावयाचा होता. पहिल्या गाण्याची निवड ही तेव्हां आवडीनिवडीची गोष्ट नव्हती.

विष्णु नारायण भातखंडे यांचा मार्ग निराळा. हे पेशानें वकील, जन्म १८६० सालचा, तरुणपणीं सतार शिकलेले, मुंबईच्या पारशी गृहस्थांनीं चालविलेल्या गायनोत्तेजक मंडळींत १८८४ पासून वावरलेले. गवयांपाशीं विखुरलेल्या चिजा गोळा करून त्यांस व्यवस्था लावणें हें त्यांनीं आयुष्याचें कार्य मानिलें. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या पहिल्या भागांत दहा थाटांचे दहा राग येतात आणि प्रत्येकाबरोबर स्वरमालिका व लक्षणगीत. लक्षणगीत म्हणजे ज्याचे शब्दच त्या रागाचें वर्णन करितात असें गीत: वादी कोणता, संवादी कोणता, वर्ज्य काय, समय कोणता. विद्यार्थी गातो तोच व्याकरण पाठ होतें.

युक्ति खरोखर चतुर आहे. कर्त्यानें स्वतःसाठीं ‘चतुर’ हीच मुद्रिका घेतली होती. आमच्या पिढींतील पुष्कळांचें रागज्ञान या गीतांनींच पक्कें केलें आणि तें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. पण आमचा अनुभव असा कीं, लक्षणगीत कोणी न्हाणीघरांत गुणगुणत नाहीं. शब्दरूपावली पाठ केल्यावांचून संस्कृत येत नाहीं हें खरें असलें, तरी ‘रामः रामौ रामाः’ म्हणतां म्हणतां कोणास काव्याची गोडी लागल्याचें ऐकिवांत नाहीं. भातखंड्यांचा विद्यार्थी गाण्याकडे आधींच वळलेला असतो. न वळलेल्यास वळविण्याचें काम या पुस्तकांनीं केलें नाहीं, आणि तें त्यांचें कामहि नव्हतें.

तें काम महाराष्ट्रांत केलें नाटकांनीं. १८८० च्या ऑक्टोबराच्या अखेरीस पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले अंक रंगभूमीवर आले, १८८२ सालीं ‘सौभद्र’ आलें, आणि घरोघर पदें शिरलीं. या नाटकांच्या छापील प्रतींत एक लहानशी गोष्ट आहे. ती पाहून आमचें आम्हांसच हंसूं आलें, कारण शिरवळच्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर तेथें छापून ठेविलेलें होतें. प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढें दुसऱ्या एखाद्या ठाऊक असलेल्या गाण्याचे आरंभीचे शब्द. किंवा नुसतें साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत. स्वरलेखन नाहीं, रागाचें नांवहि पुष्कळदा नाहीं. वाचकाच्या कानांत एक गाणें आधींच आहे हें ग्रंथकर्त्यानें गृहीत धरिलें आहे, आणि त्या जुन्या गाण्याच्या पाठीवर नवें गाणें चढवून दिलें आहे. कीर्तनांत ऐकलेली साकी, आख्यानांतली दिंडी, कानडी मुलुखांतून आलेली एखादी चाल, फडावरची लावणी. लावणी तर मोठ्या गमतीनें आली. जी प्रतिष्ठित घराच्या उंबऱ्याआंत येऊं शकत नव्हती, ती शकुंतलेचे किंवा सुभद्रेचे शब्द पांघरून माजघरापर्यंत पोंचली. १९११ सालच्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंब्यांनीं चाली दिल्या, तेव्हां पूरबकडील ठुमरी-दादऱ्यानेंहि हाच प्रवास केला. पलुसकर प्रयत्नपूर्वक जें करीत होते तेंच नाटकवाले तिकिटावर करीत होते.

या पदांबरोबर घरांत पेटी आली. पेटीवर बोट दाबलें कीं सूर तयार; गळ्याच्या मागोमाग बोटें नेलीं कीं पद वाजलें. पेटींत श्रुति सांपडत नाहींत म्हणून विद्वानांनीं तिच्यावर कोरडे ओढले. रेडिओनें १९४० सालीं तिला दार बंद केलें, तें तीसएक वर्षें उघडलें नाहीं. घरांत मात्र ती राहिली, कारण नवशिक्यास ती पहिल्या आठवड्यांतच ओळखीचें कांहीं वाजवूं देत असे.

गिटारीची गोष्ट येथेंच वेगळी होते. आमचा सल्ला चुकला याचें एक कारण हेंहि आहे कीं, तिच्याकडे आम्हीं पेटीच्या किंवा सतारीच्या डोळ्यांनीं पाहिलें. आपल्या प्रदेशांत तंतुवाद्य म्हटलें कीं मिरज डोळ्यांपुढें येते. तेथें शिकलगारांच्या घराण्यांतील कारागिरांनीं हत्यारांचें काम सोडून सतारी व तंबोरे घडविण्यास एकोणिसाव्या शतकांत आरंभ केला, आणि मिरजेची सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. सतारीची बाजाची तार एक, तिच्यावर गाणें चालतें, बाकीच्या तारा साथ करितात. गिटारीचेंहि तसेंच असावें असें मराठी मनुष्यास वाटतें, आणि तसें वाटण्यास आधार आहे. आपल्याकडील घरांत जी गिटार १९५०च्या सुमारास आणि पुढें लोकप्रिय झाली ती हवाई पद्धतीची होती. मांडीवर आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी सरकवावयाची, म्हणजे मींड निघते आणि बोलपटांतील गाणें शब्दाशब्दाला बोलतें. व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्या त्या काळीं घरोघर वाजत. ब्रिजभूषण काबरा यांनीं तर याच वाद्यावर राग मांडले. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांची, शिवकुमार शर्मांची व हरिप्रसाद चौरसियांची ध्वनिमुद्रिका संगीतप्रेमी कुटुंबांत आजहि ऐकिली जाते.

शिरवळच्या मुलीच्या हातांतली गिटार ती नव्हे. ती छातीशीं धरावयाची, डाव्या हाताच्या बोटांनीं तीन-चार सूर एकदम दाबावयाचे आणि उजव्या हातानें सर्व तारा छेडावयाच्या. या एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यास कॉर्ड म्हणतात. गाणें गळ्यानें म्हणावयाचें. गिटार त्याच्याखालीं जमीन अंथरते. हिची परंपरा आपल्याकडे गोव्यांतून आली. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलिपि, गायन आणि व्हायोलिन शिकविण्याचा प्रघात पोर्तुगीज अमदानींत पडला; मांडो गातांना व्हायोलिनशेजारीं घुमट वाजूं लागला; आणि त्याच शाळांतून तयार झालेले वादक पुढें मुंबईस येऊन बोलपटांच्या वाद्यवृंदांत बसले. आपण ज्या हिंदी गाण्यांवर वाढलों त्यांच्या पोटांतील सुरांचे जुडगे पुष्कळसे या गोमंतकीय मंडळींचे आहेत. त्यांचीं नांवें मात्र तबकडीवर क्वचितच छापलीं गेलीं.

युरोपांतहि गिटारीच्या नवशिक्यानें काय वाजवावें हा प्रश्न पंडितांना पडला होता. फर्नांदो सोर या स्पॅनिश वादकानें मोठमोठे कठीण प्रबंध लिहून झाल्यावर उतारवयांत, अगदीं आरंभीच्या विद्यार्थ्यासाठीं, लहान लहान पाठांचा एक संग्रह केला. कारुल्ली आणि कार्कासी यांचीं शिकाऊ पुस्तकें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतलीं, आणि तीं अद्यापि चालतात. पण हजारों मुलांच्या हातीं गिटार गेली ती या पुस्तकांमुळें नव्हे. १९५६ सालीं इंग्लंडांत लॉनी डोनेगन याचें एक जुनें अमेरिकन लोकगीत गाजलें, आणि दोन-तीन कॉर्डांवर गातां येतें असें कळतांच पोरांनीं स्वस्तांतल्या गिटारी घेतल्या. दुसऱ्याच वर्षीं बर्ट वीडन याचें ‘एका दिवसांत वाजवा’ अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक निघालें. लिव्हरपूलचीं दोन मुलें बी-सेव्हन नांवाची एक कॉर्ड एका अनोळखी मनुष्यास येते असें ऐकून, ती शिकण्याकरितां बसमध्यें बसून गांवाच्या दुसऱ्या टोंकास गेलीं, असें त्यांतील एकानें पुढें सांगितलें आहे. तीं मुलें म्हणजे पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन. गाणें कानांत पक्कें होतें. अडलें होतें तें एका कॉर्डीपाशीं, आणि म्हणून ती शिकण्यास बसचें भाडें खर्चणें त्यांस जड वाटलें नाहीं. आम्हीं आमच्या विद्यार्थिनीस बसचें भाडें दिलें होतें, पण जावयाचें कोठें तें सांगितलें नव्हतें.

तरीहि एक शंका उरते, आणि ती लहान नाहीं. कॉर्डांची योजना पाश्चात्य गाण्यासाठीं झालेली आहे. मराठी गाणें तिच्यावर बसेल काय? याचें उत्तर शोधतांना आम्हांस नारायण वामन टिळकांची आठवण झाली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पूर्वीं इंग्रजी उपासनेच्या चालींवर मराठी शब्द बसवून म्हणत. चाल चार आवाजांत गावयासाठीं रचलेली, शब्दांचे आघात भलत्याच जागीं पडलेले. टिळकांनीं अभंग, ओवी आणि देशी चाली घेऊन भजनें रचलीं आणि टाळ-मृदंगाच्या साथीनें म्हणविलीं. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ सालीं, मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास येऊन राहिले. १९१९ सालीं ते वारले. ‘उपासना संगीत’ या पुस्तकांत पुढें दोन्ही प्रकार शेजारीशेजारी राहिले, विलायती चाली आणि देशी चाली. आतां गंमत अशी कीं, गिटार हातीं घेतलेल्या नवशिक्यास विलायती चाली सोप्या, कारण त्या कॉर्डांतूनच जन्मलेल्या. आणि ज्यांवर त्याचें मन लागलेलें असतें त्या देशी चाली अवघड, असें प्रथमदर्शनीं वाटतें.

पण सगळ्याच देशी चाली अवघड नसतात. जी चाल लांबवर हिंडते, रागाच्या आडवाटांनीं जाते, ती नवशिक्याच्या कॉर्डांना दाद देत नाहीं. आमच्या स्नेह्यांचा आग्रह गीतरामायणाचा होता. तो स्वाभाविकहि होता. गदिमा जन्मले आजच्या सांगली जिल्ह्यांतील शेटफळ्यास आणि वाढले औंध संस्थानांत, म्हणजे आमच्याच मुलुखांत. १९५५ च्या एप्रिलापासून वर्षभर पुणें आकाशवाणीवरून आठवड्यास एक याप्रमाणें तीं छप्पन्न गीतें लागत, तेव्हां वह्या-पेन्सिली घेऊन रेडिओपुढें बसणारीं घरें त्यांनीं लहानपणीं ऐकून ठाऊक केलेलीं. आम्हीं एक गीत घेऊन पाहिलें. सुधीर फडक्यांची चाल एका ओळींत जेवढी वळणें घेते तेवढीं वळणें त्या कोंवळ्या बोटांना वर्षभर झेपलीं नसतीं. मुलीच्या यादींतील गाण्यांतहि तोच अडथळा होता. बहुतेकांत एफ किंवा बी-मायनर ही कॉर्ड होती. ती धरतांना पहिलें बोट पट्टीसारखें आडवें टाकून सर्व तारा दाबाव्या लागतात, आणि पहिल्या महिन्यांत त्या बोटाखालून सूर न निघतां नुसता टक् टक् असा लाकडी आवाज निघतो. म्हणजे यादी केवळ आवडीनें केलेली होती आणि आमचे पलटे केवळ हातासाठीं होते. किर्लोस्करांची ‘चाल’ कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती.

ती ध्यानांत आल्यावर आम्हीं मुलीस विचारलें कीं, तुला न शिकवितां कोणतीं गाणीं येतात? तिनें थोडा विचार करून सांगितलें, गणपतीची आरती. आरती घेतली. चाल थोड्याच सुरांच्या आवाक्यांत फिरते. तीन कॉर्डांत ती बसली. आठवड्याभरांत कुंभारणीचें घर मोडून टाकावें लागलें. संकष्टीस घरच्या मंडळींनीं टाळ्या वाजविल्या त्या गिटारीच्या तालावर नव्हे तर आपल्या नेहमींच्या तालावर, आणि मुलगी त्यांच्यामागून धांवत होती. पण धांवत होती.

दुसरें गाणें आमच्या मनांत नव्हतें. स्नेह्यांच्या मातोश्री, ज्यांस आम्ही काकू म्हणतों, ऐंशी ओलांडलेल्या. गांवांत गिरणी झाली तरी त्यांच्या माहेरीं जात्यावर दळण चाले, आणि लग्न होईतों त्या पहांटे आईसमोर बसून दळीत. आरती चाललेली ऐकून त्या सहज म्हणाल्या कीं, असलें काय, आमची ओवी तर तीन सुरांची. आणि त्यांनीं एक म्हटली. भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीची. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनीं १९८०च्या दशकापासून खेडोपाडीं हिंडून बायकांच्या अशा ओव्या एक लाखाहून अधिक टिपून ठेविल्या, हें आम्हांस वाचून ठाऊक होतें. शिरवळच्या या घरांत आम्ही वीस वर्षें येत-जात आहों. त्या घरांत ओवी आहे हें मात्र ठाऊक नव्हतें. कोणी विचारलेंच नव्हतें. पलुसकरांच्या पुस्तकांत ओवी नाहीं, भातखंड्यांच्या नाहीं, आणि आमच्या पलट्यांत तर नाहींच.

काकूंचा सूर पेटीवर लावून पाहिला तों काळी पांच निघाली. गिटारीच्या तिसऱ्या पडद्यावर कॅपो नांवाचा चिमटा बसविला म्हणजे जी या सर्वांत सोप्या कॉर्डीचा षड्ज बरोबर काळी पांच होतो. ओवी षड्जावर विसावते तेथें जी, ऋषभावर थबकते तेथें डी. दोनच कॉर्डी, पण एकीवरून दुसरीवर बोटें नेण्यास मुलीस जो वेळ लागे तेवढा काकू देत ना. त्यांचा श्वास जात्याच्या फेऱ्याशीं बांधलेला. “आजी, जरा थांब ना गं,” असें मुलगी म्हणाली कीं काकूंचें उत्तर ठरलेलें: “जातं थांबतंय का तुझ्यासाठी? हात फिरायचाच.” मुलगी पुन्हां पहिल्यापासून धरी. श्रावणभर हें चाललें. बोटांच्या टोंकांना घट्टे पडले आणि काकूंचा आवाज, जो सकाळीं चहा होईपर्यंत बसलेला असे, तो संध्याकाळीं खुला लागूं लागला.

गेल्या दिवाळींत आम्ही पुन्हां शिरवळास होतों. वही तीच. वीस गाण्यांच्या यादींतील तीन गाण्यांवर रेघ मारली होती, एकापुढें ‘एफ जमला’ असें लिहिलें होतें. वही उलटी करून मागल्या पानांपासून मुलीनें ओव्या उतरून घेतल्या होत्या. चाळीस-बेचाळीस असाव्यात, प्रत्येकीच्या माथ्यावर कॉर्डींचीं अक्षरें. शेवटच्या पानावरील ओवीचा तिसरा चरण काकूंना आठवत नव्हता. तेवढी ओळ तिनें कोरी सोडली होती आणि तिच्यावर जी, डी, जी अशीं अक्षरें मात्र लिहून ठेविलीं होतीं.